नोकरी सांभाळून ॲक्टिंग करायची तर आधी पैशाची तारीख बघा

पुण्या-नाशिकच्या एमआयडीसीत पाळ्या करणारी, डोंबिवलीत इंटरनेटच्या वायरी ओढणारी, लालबागला मामाकडे राहून कुरिअर पोचवणारी मुलंमुली एकांकिका स्पर्धेत बक्षीस घेतात आणि परतीच्या ट्रेनमध्येच ठरवून टाकतात: आता नोकरी सोडायची, पूर्णवेळ ॲक्टर व्हायचं. सल्ला देणारे त्यांना जिद्द, मेहनत, संघर्ष असलं काहीबाही ऐकवतात. त्यानं खोलीचं भाडं भागत नाही. अभिनय बरा येतो हे गृहीत धरूनच पुढचं लिहिलंय. बहुतेकांची गाडी अभिनयावर अडत नाही. ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पैसे संपले म्हणून अडते, आणि गंमत म्हणजे काम मिळत असतानाही अडते.

कारण इथे पैसे किती यापेक्षा कधी हा प्रश्न मोठा. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला हे लवकर लक्षात येत नाही.

व्यावसायिक नाटकात प्रयोगाचं मानधन ठरतं, त्याला नाईट म्हणतात. प्रयोग संपला, मेकअप पुसला की मॅनेजर पाकीट देतो. रक्कम लहान असेल, पण त्याच रात्री खिशात असते. मालिकेत दिवसावर पैसे ठरतात आणि ते साधारण ९० दिवसांनी येतात. हे ९० दिवस कधीपासून मोजायचे हे मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं. कुणी शूट झालेल्या महिन्याच्या अखेरीपासून मोजतं, कुणी बिल दिल्यापासून, कुणी एपिसोड दाखवल्यापासून. एवढा एकच प्रश्न आधी विचारला तरी महिन्या-दीड महिन्याचा फरक कळतो. जाहिरातीत दिवसाची रक्कम मालिकेपेक्षा मोठी असते, पण तिथेही दोन-तीन महिने थांबावं लागतं. गर्दीतल्या माणसाला, म्हणजे ज्युनिअर आर्टिस्टला, पैसे सप्लायरकडून, म्हणजे गर्दीसाठी माणसं पुरवणाऱ्याकडून मिळतात.

एक हिशेब मांडून बघा. समजा मालिकेत छोटी भूमिका आहे, दिवसाला ३,००० ठरले आणि महिन्यात चार दिवस काम झालं. कागदावर १२,०००. कोऑर्डिनेटरनं, म्हणजे काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थानं काम आणलं असेल तर त्याचं कमिशन. २० टक्के धरलं तर २,४०० गेले. निर्मात्यानं १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा आयकर, कापला, १,२०० गेले. उरले ८,४००. त्यातून चार दिवसांचा प्रवास आणि त्या दिवसांत बुडालेली रोजंदारी वजा करा. जे उरेल ते जुलैच्या कामाचं ऑक्टोबर-नोव्हेंबरात येणार. म्हणून "मालिका मिळाली" हे ऐकून नोकरीचा राजीनामा देणारा माणूस पहिले तीन महिने नुसताच खर्च करत असतो, तोही आधीपेक्षा जास्त. सेटवर रोज जायचं म्हणजे कपडे, दाढी-केस, रिक्षा हे सगळं वाढतं.

उलट मोजायचं. घरखर्चाचे आणि खोलीचे मिळून सहा महिन्यांचे पैसे बाजूला पडत नाहीत तोवर नोकरी सोडायची नाही. सहाच का, तर तीन महिने काम मिळेपर्यंत आणि तीन पैसे येईपर्यंत. हेही आशावादी गणित आहे.

अशोक सराफ स्टेट बँकेत नोकरी करता करता नाटकं करत होते. निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे आणि सेवादलाच्या कलापथकात उभे राहायचे. दादा कोंडके अपना बाजारात कामाला होते. या गोष्टी नेहमी हालअपेष्टा म्हणून सांगितल्या जातात. खरं तर त्यांचा पहिला निर्माता ती नोकरीच होती. फरक एवढाच की बँकेतून संध्याकाळी सुटून शिवाजी मंदिरला प्रयोगाला पोचता येत होतं. मालिकेची शिफ्ट सकाळी नऊ ते रात्री नऊ असते, तिच्याशी दिवसाची कुठलीच नोकरी जुळत नाही. म्हणून नोकरीच तशी शोधावी लागते. रात्रपाळीचं कॉल सेंटर, सकाळ-संध्याकाळच्या बॅचचा जिम ट्रेनर, आपल्या वेळेला चालू-बंद करता येणारी डिलिव्हरी, पाळी बदलून देणारा सहकारी असलेला कारखाना. सिक्युरिटीची बारा तासांची रात्रपाळी करून सकाळी ऑडिशनला जाणारेही आहेत, पण ते चेहऱ्यावर दिसतं. कॅमेऱ्याला डोळ्याखालचा काळेपणा आवाजाआधी कळतो.

सुरुवात कुठून करावी? माझं सरळ मत: नाटकापासून, आणि तेही शनिवार-रविवारच्या नाटकापासून. कारखान्यात किंवा कंपनीत असाल तर पगाराची स्लिप काढून बघा. जून आणि डिसेंबरात कामगार कल्याण निधीचे २५ रुपये कापलेले दिसतील. ते पैसे महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे जातात आणि मंडळ कामगारांसाठी नाट्यस्पर्धा घेतं. जवळच्या कामगार कल्याण केंद्रात जाऊन चौकशी करायची. आपले पैसे कापले जातात त्या जागी आपल्यासाठी रंगमंच आहे हे निम्म्या लोकांना माहीत नसतं. शिवाय सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य हौशी नाट्य स्पर्धा आहे, तिच्या प्राथमिक फेऱ्या राज्यभरच्या केंद्रांवर होतात. तिथे परीक्षक म्हणून येणाऱ्यांत व्यावसायिक नाटकवाले असतात. बक्षिसापेक्षा त्यांनी तुम्हाला दोन तास बघितलं हे जास्त कामाचं.

व्यावसायिक नाटकात शिरायचं सर्वात उघडं दार म्हणजे रिप्लेसमेंट. चालू नाटकातल्या नटाला मालिका मिळते, तारखा भिडतात आणि निर्मात्याला शुक्रवारपर्यंत माणूस हवा असतो. त्या वेळी निवड सगळ्यात गुणी माणसाची होत नाही, ज्याला नाटक येतं त्याची होते. म्हणून बॅकस्टेजला काम करणाऱ्यांना ही संधी आधी मिळते. त्यांनी विंगेतून तीस-चाळीस प्रयोग पाहिलेले असतात, कुठल्या वाक्यावर कोण कुठे वळतो हे पाठ असतं. बॅकस्टेजचं काम अंगमेहनतीचं आहे. टेम्पोतून नेपथ्य उतरवायचं, फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या भिंती, उभे करून खिळे-तणावे मारायचे, प्रॉपर्टी, म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तू, टेबलावर प्रवेशाच्या क्रमानं मांडायची, प्रयोग संपल्यावर सगळं उलट्या क्रमानं भरायचं. दुपारी चारचा प्रयोग असेल तर एक वाजता थिएटरवर. नाईट नटापेक्षा कमी. पण रविवारी ठाण्याच्या गडकरीला दुपारचा आणि पार्ल्याच्या दीनानाथला रात्रीचा असे दोन प्रयोग झाले तर दोन नाईट होतात, आणि सोमवारी कामावर जाता येतं.

रिप्लेसमेंटसाठी तयारी करायची तर संहितेची झेरॉक्स घ्या आणि समासात हालचाली लिहा, स्वतःच्याच नव्हे, समोरच्याच्याही. पहिल्या प्रयोगात संवाद सहसा चुकत नाही. चुकते ती जागा. तुम्ही सोफ्याच्या मागे उभे राहता, समोरची नटी पुढून येते, प्रकाश रिकाम्या जागेवर पडतो आणि पुढची पाच मिनिटं सगळे एकमेकांना टाळत फिरतात.

आता कॅमेरा. हिंदी मालिका, वेब सीरिज, जाहिराती यांच्या ऑडिशनांचा बाजार अंधेरी पश्चिमेला, वर्सोव्याच्या आराम नगरात भरतो. बैठी घरं, प्रत्येकात एक-दोन कास्टिंग ऑफिसं, बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या. वर्सोवा मेट्रोला उतरून रिक्षा घ्या किंवा चालत जा. वेळ साधारण अकरा ते सहा. दारात उभ्या मुलाला "कुठल्या भूमिकेचं चालू आहे" एवढंच विचारायचं. तो खाली-वर बघून दोन शब्द बोलतो, फिट किंवा नॉट फिट. नॉट फिट म्हणजे तुमचा अभिनय वाईट असं नाही, अभिनय त्यानं पाहिलाच नाही. त्याच्या हातातल्या ब्रीफमध्ये "३५ ते ४०, सावळा, पोट सुटलेला" लिहिलंय आणि तुम्ही २४ वर्षांचे आहात. वाद घालू नका, पुढच्या दारात जा. फिट म्हणाला तर कागदावर नाव-नंबर लिहायचा, संवादाचं पान घ्यायचं, वीस-पंचवीस मिनिटांत पाठ करायचं.

पिशवीत दोन सपाट रंगाचे शर्ट, एक साधा कुर्ता, कंगवा, सेफ्टी पिना, पाणी. मुलींनी एक साधी सलवार-कमीज आणि एक कॉटनची साडी. बारीक चौकडी आणि बारीक रेघा टाळा, कॅमेऱ्यावर त्या वळवळतात. पांढऱ्याशुभ्र शर्टानं चेहरा काळवंडतो. छातीवर मोठं ब्रँडचं नाव असेल तर तेच वाचलं जातं. आणि आधारची प्रत, बँकेचा तपशील हे ऑडिशनला मागण्याचं काही कारण नाही. काम पक्कं झाल्यावर, करारासोबत द्यायचं.

मराठी माणसाला हिंदीत काय मिळतं हेही स्पष्ट बोलूया. हवालदार, वॉचमन, कामवाली बाई, रिक्षावाला, वॉर्डबॉय. यावर चिडणारे खूप आहेत आणि चिडण्यासारखं आहेच. त्यातून ब्रीफमध्ये "खराखुरा कामगार दिसला पाहिजे" असं लिहून शेवटी जिममधून आलेला मुलगा घेतात, तोही प्रकार चालतो. पण या भूमिका एका दिवसाच्या असतात, संख्येनं भरपूर असतात, आणि त्यांतून कॅमेऱ्यासमोर उभं राहायचा सराव होतो. घ्याव्यात. फक्त हिंदी सुधारायची, म्हणजे "मराठी ढंग" मागितला तरच तो येईल. आपल्या चुका ठरलेल्या आहेत. आवाज मराठीत पुल्लिंगी, म्हणून "तुम्हारा आवाज" तोंडात बसलेलं असतं. हिंदीत "तुम्हारी आवाज़". चहाचंही तेच, "चाय पिया" नाही, "चाय पी". "मैं बोला" हे मुंबईच्या रस्त्यावर चालतं, वकिलाच्या भूमिकेत "मैंने कहा" लागतं. आणि "ज़" दातांमागून काढायचा सराव रोज दहा मिनिटं, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून.

हल्ली मात्र बऱ्याच ऑडिशना घरूनच मागवतात. दुपारी बाराला मेसेज येतो, संध्याकाळी सहापर्यंत व्हिडिओ हवा असतो. नोकरी करणाऱ्यासाठी ही सोय आहे, फक्त दहा बाय दहाच्या खोलीत तो व्हिडिओ नीट निघाला पाहिजे.

फोन आडवा. मागचा कॅमेरा, सेल्फीचा नाही. लेन्स डोळ्यांच्या पातळीत, म्हणजे उभं राहून करायचं असेल तर जमिनीपासून साधारण साडेचार-पाच फुटांवर. ट्रायपॉड नसेल तर शिलाई मशीनवर स्टुलं आणि डबे रचले तरी चालतात, हलता कामा नये एवढंच. चौकट छातीपासून डोक्याच्या वर चार बोटं. भिंतीला चिकटून उभे राहू नका, मागे काळी सावली पडते. तीन फूट पुढे या. खोलीत तेवढी जागा नसेल तर पाठ दाराकडे करून दार उघडं ठेवा आणि मध्ये सपाट रंगाची चादर लावा. खिडकी तोंडासमोर हवी, पाठीमागे नको. ट्यूबलाइटखाली शूट करताना पडद्यावर पट्ट्या सरकताना दिसल्या तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ किंवा २५ फ्रेमचा पर्याय शोधा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे म्हणून ते होतं. १०८० पी पुरतं. ४के घेतलं तर फाइल फुगते आणि वेळेत अपलोड होत नाही.

आवाज हा चाळीतला खरा शत्रू. पंखा बंद. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या साडेअकराला आणि सातला असतात, दोन ते चार त्यातल्या त्यात शांत. दाराला आतून गोधडी लावली तर जिन्यातला आवाज बराच कमी होतो. सगळ्यात जास्त बिघडवतो तो क्यू देणारा, म्हणजे समोरच्याची वाक्यं वाचणारा माणूस. तो फोनजवळ उभा असल्यामुळे त्याचा आवाज मोठा आणि तुमचा लांबून येतो. त्यानं लेन्सच्या शेजारी उभं राहून, जवळजवळ कुजबुजत आणि सपाट वाचायचं. भावना ओतायच्या नाहीत. धाकटा भाऊ हौसेनं ॲक्टिंग करायला लागला की बघणारा त्यालाच ऐकत बसतो. काही शे रुपयांना कॉलरला लावायचा वायरचा माइक मिळतो, फोटोंच्या पोर्टफोलिओच्या खर्चाआधी तो घ्या.

सुरुवातीला इंट्रो: नाव, वय, उंची, राहायचं ठिकाण, येणाऱ्या भाषा, त्या तारखांना मोकळे आहात की नाही. मग डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही हात पुढून-मागून. हे वीस सेकंदांत. "लहानपणापासून अभिनयाची आवड" हे कुणी मागितलेलं नाही. उंची वाढवून सांगू नका, लुक टेस्टला समोरच्या नटाशेजारी उभं करतात तेव्हा ती मोजलीच जाते. नजर लेन्समध्ये नाही, लेन्सच्या बाजूला क्यू देणाऱ्याच्या डोळ्यांवर. जाहिरातीत लेन्समध्ये बघायला सांगितलं असेल तरच बघा. पहिले दोन-तीन टेक करून बघा, पंधरावा टेक तिसऱ्यापेक्षा चांगला क्वचितच असतो. पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि चेहरा मेणासारखा दिसतो; डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या, आणि लिंक सगळ्यांना उघडता येईल अशी आहे का ते दुसऱ्याच्या फोनवर तपासा. परवानगी मागणारी लिंक कुणी उघडत बसत नाही. फाइलला स्वतःचं नाव, भूमिका आणि फोन नंबर. "व्हिडिओ फायनल २" नावाची फाइल त्यांच्याकडे शंभर जणांची असते.

फोटो चार-पाच पुरे: जवळचा चेहरा हसरा, जवळचा न हसता, कमरेपर्यंत, पूर्ण उभा, एक बाजूनं. सकाळच्या उन्हात गच्चीवर मित्रानं फोननं काढलेले चालतात. गॉगल, बाइक, समुद्राकडे पाठ, असलं काही नको. मुलींनी लग्नाचा मेकअप करू नये. फोटोतला माणूस आणि दारातला माणूस एकच दिसला पाहिजे.

काम मिळालं की कॉल टाइम येतो. गोरेगावच्या फिल्मसिटीचा कॉल असेल तर स्टेशनच्या पूर्वेकडून बस आहे, पण गेटपासून सेट बराच आत आणि चढावर असू शकतो, म्हणून सेटचं नाव नेमकं विचारून ठेवा. मढला मालाड पश्चिमेहून २७१ नंबरची बस जाते, किंवा वर्सोव्याहून फेरी. शिफ्ट लांबली की शेवटची लोकल चुकते. रात्री उशिरा सुटका झाली तर गाडी सोडणार का, हे मुलींनीच नव्हे, सगळ्यांनी आधी विचारावं. रिक्षाचे साडेतीनशे रुपये त्या दिवसाच्या कमाईतून जातात.

सेटवर नव्या माणसाची फजिती होते ती कंटिन्युटीत, म्हणजे एकाच सीनच्या वेगवेगळ्या शॉटमध्ये हालचाली जुळवण्यात. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा सीन लांबून दिसतो त्या शॉटमध्ये, "साहेब आले" म्हणताना तुम्ही उजव्या हातानं कप उचलला. क्लोज, म्हणजे जवळून चेहरा, घेताना कप डाव्या हातात, आणि वाक्य आधी. आता दोन तुकडे एकमेकांना जोडता येत नाहीत. एडिटर काय करतो? तुमचा क्लोज टाकून देतो आणि मास्टर वापरतो, ज्यात तुम्ही दाराजवळ अंगठ्याएवढे दिसता. गावाकडे आईनं शेजारपाजाऱ्यांना बोलावून टीव्ही लावलेला असतो. म्हणून छोट्या भूमिकेत हातांना काम कमी द्या, आणि जे द्याल ते कुठल्या शब्दावर हे पक्कं ठेवा. मालिकेत सीनचे कागद बऱ्याचदा सेटवरच हातात पडतात. आपलं वाक्य पाठ करण्याआधी समोरच्याचं शेवटचं वाक्य पाठ करा. जमिनीवर टेपचा मार्क असतो, तिथे न बघता थांबायचं. आधी दोनदा चालून पावलं मोजून ठेवा. आणि स्पॉट दादा, कॉस्च्युम दादा, लाइटवाले यांना नावानं ओळखा. तुमचा लाइट तोंडावर पडतोय का हे दिग्दर्शकाआधी लाइटवाल्याला दिसतं, आणि त्याला वाटलं तर तो हळूच सांगतो.

क्राउडचं, म्हणजे गर्दीतलं काम करावं का, यावर दोन मतं आहेत. रोजचे पैसे आणि जेवण मिळतं, सेट बघायला मिळतो. पण ज्या मालिकेत गर्दीत चेहरा ठळक दिसला तिथे लगेच वेगळी भूमिका देत नाहीत, आणि सप्लायरच्या यादीत नाव बसलं की एडी, म्हणजे सहायक दिग्दर्शक, तुम्हाला त्याच रांगेत बघायला लागतो. मुंबईत ज्युनिअर आर्टिस्टांच्या संघटना आहेत, तो पूर्णवेळचा, अनुभवी माणसांचा व्यवसाय आहे. नट व्हायला आलेल्यानं दोन-चारदा सेट बघण्यापुरतं करावं, आणि करताना कॅमेऱ्यापासून दूर उभं राहावं. उलटं वाटेल, पण तेच बरोबर.

फसवणूक. ऑडिशनचे पैसे नसतात. रजिस्ट्रेशनचे नसतात. "आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करा" म्हणजे तो फोटोग्राफीचा धंदा आहे. "आर्टिस्ट कार्ड काढून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी सिंटाच्या (सिनेमा-टीव्ही कलाकारांची संघटना) किंवा अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाच्या कार्यालयात स्वतः विचारा. "निवड झाली, पोशाखाचं डिपॉझिट भरा, शूटनंतर परत" हा सध्याचा चलतीचा प्रकार. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम थांबवणं कठीण. हॉटेलच्या खोलीत, संध्याकाळनंतर, एकटीनं बोलावलेलं ऑडिशन हे ऑडिशन नाही. कोऑर्डिनेटर मात्र खरा असू शकतो; ओळखायची खूण म्हणजे तो काम झाल्यावर आणि पैसे आल्यावर कमिशन घेतो, आधी नाही.

करार वाचा, इंग्रजीत असेल तर वाचून घ्या. महिन्याला किमान किती दिवसांची हमी आहे? हमी नसेल आणि दुसरीकडे काम करायची बंदी असेल तर सही करू नका, किंवा बंदी काढायला सांगा. गुरुवारी टीआरपी येतो, आकडा घसरला की कथेचा ट्रॅक बदलतो आणि तुम्ही करत असलेली वहिनी माहेरी जाते ती परत येत नाही. त्यात कुणाचा राग नसतो. पण महिनाभर तारखा अडवून तीनच दिवस काम दिलं तर मधल्या दिवसांची भरपाई करारातूनच मिळू शकते. जाहिरातीच्या करारात किती काळ आणि कुठे कुठे दाखवणार ते बघा. चहाची एक जाहिरात केलीत की तेवढा काळ दुसऱ्या चहाची करता येत नाही, म्हणून काळ मोजका हवा आणि मुदतीनंतर पुन्हा दाखवायची तर पुन्हा पैसे.

रोज निघताना व्हाउचरवर सही होते, त्याचा फोटो घ्या. एका वहीत तारीख, सेट, किती तास, ठरलेली रक्कम, बिल दिल्याची तारीख, पैसे आल्याची तारीख. बिलावर पॅन आणि बँकेचा तपशील बरोबर नसला की अकाउंट्सवाले ते बाजूला ठेवतात आणि कळवतही नाहीत. पंधरा दिवसांनी फोन करून बिल पोचलं का विचारायचं. ९० दिवस उलटले तर आधी निर्मितीच्या माणसाला फोन, मग लेखी मेल, मग सभासद असाल त्या संघटनेकडे व्हाउचरचे फोटो घेऊन तक्रार. आणि कापलेला टीडीएस विसरू नका. आयकराच्या पोर्टलवर २६एएस उघडलं की कुणी किती भरला ते दिसतं. उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून ते पैसे परत मिळतात, वरच्या हिशेबातले १,२०० सुद्धा. निर्मात्यानं कापला पण २६एएसमध्ये दिसत नाही असं असेल तर भरलाच गेला नसेल, पॅन चुकला असेल किंवा तिमाहीचं विवरण अजून जमा व्हायचं असेल, त्याच आठवड्यात विचारा, कारण मालिका संपली की ऑफिस बंद होतं आणि फोन उचलायला कुणी राहत नाही.